मंडळीतला वाद वचनाच्या आधारे कसा सोडवावा : कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कमिटीवर निवडून आलेल्या माणसाला हिशेब, रंगकाम, नाताळची तयारी ही कामे हळूहळू जमतात. दोन सभासदांमधला किंवा दोन गटांमधला वाद समोर येतो तेव्हा मात्र जुनीजाणती माणसेही गांगरतात. 'वचन (म्हणजे बायबल) काय म्हणते ते बघू' असे सगळेच म्हणतात आणि दहा मिनिटांत दोन्ही बाजूंकडून वचनांचा मारा सुरू होतो. एक जण मत्तय उघडतो, दुसरा लगेच गलतीकरांस पत्र काढतो, तिसरा नीतिसूत्रांतले एखादे पाठ असलेले वाक्य ऐकवतो, आणि बैठक संपते तेव्हा वाद होता तिथेच असतो, फक्त आता दोन्ही पक्षांना देव आपल्या बाजूला आहे असे वाटू लागलेले असते.

अशा बऱ्याच बैठकांना मी बसलो आहे, कधी मध्यस्थ म्हणून तर कधी वादातला एक पक्ष म्हणून. त्यातून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगून टाकतो. सुटी वचने एकमेकांपुढे ठेवून वाद मिटत नाही. दोन्ही पक्ष एकच पूर्ण प्रकरण एकत्र बसून, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचतात तेव्हा तो मिटण्याची शक्यता निर्माण होते, आणि कोणते प्रकरण वाचायचे हे वादाच्या जातीवर ठरते. पुढचा सगळा मजकूर ही पद्धत प्रत्यक्षात कशी आणायची याबद्दल आहे. तो मुख्यतः मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा कारभार डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

हाताशी काय असावे

- बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे एकाच भाषांतराचे छापील बायबल. आपल्याकडे बहुतेक घरांत बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' असतेच. अडलेल्या वाक्यासाठी सोप्या मराठीतले दुसरे एखादे भाषांतर टेबलावर असावे, पण आपल्याला सोयीचे भाषांतर निवडण्याची मुभा कोणालाही देऊ नये.
- मंडळीची घटना आणि नियमावली. अर्धे वाद तिथेच सुटतात, कारण ते मुळात शास्त्राचे नसून नियमांचे असतात.
- तक्रारदाराच्या सहीचा एक कागद, ज्यात तक्रार चार-पाच वाक्यांत लिहिलेली असेल.
- इतिवृत्ताची वही, आणि लिहिणारा असा सभासद की ज्याचे दोन्ही घरांशी नाते नाही.
- दोन किंवा तीन मध्यस्थ. त्यांत निदान एक स्त्री असावी, विशेषतः वादातला एक पक्ष स्त्री असेल तर.

मोबाईलवरचे बायबल बैठकीत टाळावे असा माझा आग्रह असतो. त्यातल्या शोधाच्या सोयीने 'द्राक्षारस' असा शब्द टाकला की वचनांची यादी समोर येते, प्रत्येक वचन मागच्यापुढच्या ओळींपासून तुटलेले असते आणि ज्याला जे हवे ते त्याला तिथे सापडते.

कुटुंबातला एक पक्ष कॅथलिक असेल, तर कोणती पुस्तके आधाराला घ्यायची हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही या वादात कॅथलिक नातेवाईक मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय पुढे करतात आणि प्रॉटेस्टंट नातेवाइकांच्या बायबलमध्ये ते पुस्तकच नसते. हे आधी माहीत नसले, तर निष्कारण एकमेकांच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला जातो.

१. वाद कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

समोर आलेले भांडण साधारणपणे तीनपैकी एका जातीचे असते आणि तिन्हींसाठी शास्त्रात वेगवेगळी प्रकरणे आहेत.

पहिली जात अपराधाची: कोणी कोणाचे पैसे बुडवले, कोणी कोणाची बदनामी केली, कोणी दिलेला शब्द मोडला. इथे मत्तय १८ लागू होते.

दुसरी जात व्यवहाराची: मदतनिधीचे वाटप, दफनभूमीतली जागा, उपासनेची वेळ, गायनात पेटी-तबला असावा की कीबोर्ड. यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाचावा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर तिथे होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना आध्यात्मिक उपदेश ऐकवला नाही. त्यांनी वाटपासाठी सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले असावे, असाच त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. आपल्याकडे अशा तक्रारीला उत्तर म्हणून प्रेमावर एक उपदेश होतो आणि वाटप करणारी माणसे तीच राहतात.

तिसरी जात मताची: बाप्तिस्मा बालकाला द्यावा की फक्त विश्वास पत्करलेल्याला, स्त्रियांनी उपदेश करावा का, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणे बंधनकारक आहे का, शेजाऱ्याकडचा प्रसाद खावा का. याला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ उपयोगी पडतात.

इथला नेहमीचा सापळा असा की पहिल्या जातीचा वाद तिसऱ्या जातीचे कपडे घालून येतो. दोन कुटुंबे अन्य भाषांत बोलण्याच्या आत्मिक दानावर कडाक्याने भांडत असतात आणि थोडे खणले की कळते की एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याला मान मिळाला नव्हता. म्हणून तक्रारीच्या कागदावर एक प्रश्न मी नेहमी लिहून घेतो: 'हे पहिल्यांदा कधी खटकले आणि त्या वेळी नेमके काय घडले होते?' उत्तरात एखाद्या सिद्धांताऐवजी एखादा प्रसंग आला, तर बाप्तिस्म्यावरची प्रकरणे बंद करून मत्तय १८ उघडावे.

२. जे प्रकरण मंडळीत मिटवायचेच नाही, ते लगेच बाजूला काढा

लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, बलात्कार, धमक्या ही प्रकरणे मध्यस्थीची नाहीत. मुलांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो, आणि पाळक किंवा कमिटी सदस्य त्याला अपवाद नाहीत. मार खाणाऱ्या स्त्रीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. तिला 'आधी एकांतात जाऊन नवऱ्याशी बोल' असे मत्तय १८ च्या नावाने सांगणे म्हणजे तिला पुन्हा त्याच खोलीत ढकलणे होय.

अशा वेळी कोणी तरी हमखास करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढतो, जिथे विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये असे त्या पत्राचा लेखक पौल सांगतो. ते प्रकरण पूर्ण वाचावे. पौल तिथे क्षुल्लक बाबींच्या निवाड्याबद्दल, फसवणूक आणि नुकसान सोसण्याबद्दल बोलतो. ज्याचे नुकसान झाले तो स्वतःहून ते सोसायला तयार होऊ शकतो. दुसऱ्याच्या मुलीवर झालेला अत्याचार कमिटीने 'सोसून' घेण्याचा अधिकार त्या अध्यायात कुठेही दिलेला नाही. हाच पौल स्वतःवर अन्याय होतो आहे असे दिसल्यावर कैसराकडे न्याय मागतो, हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय २५ मध्ये आहे.

मंडळीच्या मालमत्तेचे आणि विश्वस्तांच्या नेमणुकीचे वाद हा वेगळाच विषय आहे. महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मंडळीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपापसांत समेट झाला तरी हा कागद टळत नाही.

३. पहिली भेट दोघांचीच होऊ द्या

मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सर्वांना पाठ असतो: आधी एकांतात, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. तरीही प्रत्यक्षात पहिली पायरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर घडते. तक्रार घेऊन कोणी तुमच्याकडे आले की पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुम्ही त्यांना स्वतः भेटलात का. उत्तर नाही असेल, तर तक्रार ऐकून घेण्याआधी त्यांना भेटायला सांगावे. अर्थात ज्याला भेटायचे त्याची भीती वाटत असेल, तर ही अट लावू नये.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही पहिले पाऊल टाकायला शास्त्र सांगते, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, आणि त्याला अर्पण तिथेच ठेवून जायला सांगितले आहे. म्हणजे दोन्ही पक्ष घरून निघाले, तर रस्त्यातच भेट व्हायला हवी.

निनावी तक्रार घेऊ नये. करिंथच्या मंडळीतली भांडणे पौलाला कळली तेव्हा ती ख्लोवेच्या माणसांकडून कळली असे तो पत्राच्या पहिल्याच अध्यायात उघडपणे लिहितो. सांगणाऱ्याचे नाव समोर असले की ऐकीव गोष्टी आपोआप गळतात. आणि एका बाजूचे ऐकून मत बनवू नये; पहिला बोलतो तो खरा वाटतो आणि दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, हा नीतिसूत्रे १८:१७ मधला अनुभव कमिटीच्या प्रत्येक सदस्याने बैठकीला निघण्यापूर्वी आठवावा.

एक अपवाद आहे. चूक सर्वांदेखत झाली असेल आणि तिचा परिणाम सर्वांवर होत असेल, तर ती एकांतातच दाखवली पाहिजे असे नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, पण याकोबाकडची माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून मागे सरला आणि त्याचे पाहून बाकीचे यहूदी, अगदी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा, तसेच वागू लागले. पौलाने त्याला सर्वांसमोर विचारले (गलतीकरांस २:११-१४). व्यासपीठावरून एखाद्या समाजाला किंवा वस्तीला हिणवणारे बोलले गेले असेल, तर त्याचे परिमार्जन बंद खोलीत होऊ शकत नाही.

४. बैठकीत वाचन कसे करावे

दोघांची भेट निष्फळ झाली की मध्यस्थांसह बैठक घ्यावी. ती शक्यतो चर्चच्या ऑफिसात नको आणि कोणत्याही पक्षाच्या घरी तर नकोच. संडे स्कूलची खोली चांगली. प्रार्थनेला दोनच मिनिटे द्यावीत, कारण लांब प्रार्थनेत देवाला उद्देशून समोरच्याला टोमणे मारण्याची आपल्याकडे चांगलीच सवय आहे.

मग प्रकरण पूर्ण वाचावे. एक परिच्छेद एका पक्षाने, पुढचा दुसऱ्या पक्षाने, आळीपाळीने, मोठ्याने. वाचन संपेपर्यंत कोणीही भाष्य करू नये. त्यानंतर प्रत्येकाने समोरच्या पक्षाला उपयोगी पडेल असे एक वाक्य त्याच प्रकरणातून काढून दाखवावे. ही अट ऐकून लोक आधी चिडतात. पण आपल्याविरुद्ध जाणारे वाक्य स्वतःच्या तोंडाने वाचले की आवाज खाली येतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ साली छापलेल्या आवृत्तीपासून रूढ झाले. त्यामुळे विषय कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आकडा पाहून ठरवू नये. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचे पहिले वाक्य, 'माझे अनुकरण करा' हे, खरे तर दहाव्या अध्यायातल्या खाण्यापिण्याच्या चर्चेचा शेवट आहे.

५. ही वचने पुढे आली की थांबा

काही वचने वादात इतक्या वेळा चुकीच्या कामाला जुंपली जातात की त्यांची यादीच जवळ ठेवावी.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५:१५ पाळकावर किंवा पुढाऱ्यावर हिशेबाचा प्रश्न आला की बाहेर पडते. त्याच्या आधीची तीन वचने वाचावीत. संख्येने थोडे असलेले, परदेशात भटकणारे पूर्वज आणि त्यांना छळू पाहणारे राजे यांच्याबद्दल ते स्तोत्र बोलते. तिथे संरक्षण दुबळ्याला आहे. हिशेबाची वही मागणारा खजिनदार त्या स्तोत्रात कुठेच बसत नाही.

त्याच कारणासाठी तीमथ्याला पहिल्या पत्रातले ५:१९ वापरले जाते: वडिलांवरचा (मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा) आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये. बरोबर आहे, घेऊ नये. पण वाचणारा नेमका तिथेच थांबतो. विसाव्या वचनात पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांदेखत दाखवायला सांगितले आहे, आणि एकविसाव्यात पक्षपात न करण्याची ताकीद आहे. तिन्ही एकत्र वाचली तर खोट्या आरोपापासून पुढाऱ्याला संरक्षण मिळते आणि खऱ्या आरोपापासून मिळत नाही.

'दोष काढू नका' हे मत्तय ७:१ ऐकवून चर्चाच बंद पाडली जाते. पाचव्या वचनापर्यंत गेले की दिसते, येशू स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढून मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला सांगतो. कुसळ राहू द्या असे तो म्हणत नाही.

'दोघे किंवा तिघे जमतात तिथे मी आहे' हे मत्तय १८:२० आपण लहान प्रार्थनासभेत दिलासा म्हणून म्हणतो, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र ते वचन जिथे आहे तिथे विषय अपराधी भावाला परत मिळवण्याचा आहे. त्याच अध्यायात आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो आणि नंतर क्षमा न करणाऱ्या चाकराचा. या दोन दाखल्यांमधून शिस्तीची ती चार वाक्ये तोडून काढली, की मत्तय १८ हे हकालपट्टीचे कलम बनते.

वचन अचूक पाठ असणे हा बाजू खरी असल्याचा पुरावा नव्हे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागी स्तोत्र ९१ मधली वचने म्हणून दाखवणारा सैतान आहे.

६. एक वाद सविस्तर : शेजारणीचा प्रसाद

एका मंडळीतले प्रकरण सांगतो. घर तीन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या एका बाईंकडे शेजारीण दर वर्षी सत्यनारायणाच्या पूजेनंतर वाटीत शिरा घेऊन येई, वर तुळशीचे पान. बाई तो घेत आणि खात. त्याच चाळीत राहणाऱ्या, नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुणीने ते दारातून पाहिले. तिच्या माहेरी ही पूजा दर श्रावणात होत असे आणि ती सोडताना तिला घर सोडावे लागले होते. पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, ती आली नाही. विचारल्यावर म्हणाली, "यांना चालतं, मग मी कशासाठी एवढं सोसलं?"

बैठकीत बाईंच्या बाजूने करिंथकरांस पहिल्या पत्रातले ८:४ पुढे आले, की जगात मूर्ती म्हणजे काहीच नाही. तरुणीच्या बाजूने १०:२१ आले, की प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हींचे भागीदार तुम्हांला होता येत नाही. दोन्ही वचने एकाच पत्रातली, एकाच विषयावरची, एकाच माणसाने लिहिलेली. तेव्हा आठव्या अध्यायापासून ११:१ पर्यंत, एकूण ७४ वचने, आळीपाळीने वाचायची असे ठरले.

वाचताना चार वेगवेगळे प्रसंग सुटे झाले. मूर्तीच्या देवळात पंगतीला बसणे (८:१० आणि १०:१४-२२): पौल नको म्हणतो. बाजारात विकायला आलेले मांस (१०:२५): चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जायची इच्छा असली (१०:२७): वाढलेले खा, चौकशी करू नका. आणि चौथा: कोणी सांगितले की हे अर्पण केलेले आहे (१०:२८), तर खाऊ नका, आणि तेही स्वतःच्या विवेकबुद्धीसाठी नव्हे, दुसऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी.

मध्येच येणारा नववा अध्याय एका सभासदाला गाळावासा वाटला, कारण त्यात पौल स्वतःच्या मानधनाबद्दल बोलतो. आम्ही तो गाळला नाही, आणि खरे तर बैठक तिथेच वळली. पौल तिथे म्हणतो की मंडळीकडून पोट भरण्याचा मला हक्क आहे, आणि मी तो वापरला नाही. आठव्या अध्यायात तो करिंथच्या जाणत्या लोकांना जे सोडायला सांगतो, त्याचे उदाहरण म्हणून तो नवव्यात स्वतःला उभे करतो. हे वाचल्यावर मूर्ती खरी की खोटी हा प्रश्न मागे पडला. तो हक्क कोणासाठी सोडायचा हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर खोलीतच खुर्चीवर बसले होते.

बाईंची खरी अडचण शेवटी बाहेर आली. "इतकी वर्षं ती प्रेमानं आणते, तिला तोंडावर नाही कसं म्हणू?" ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण शेजार तुटला तर तेही साक्षीचे नुकसानच. ठरले ते असे: दिवाळीचा फराळ हा १०:२७ मधला प्रकार आहे, तो पूर्वीप्रमाणेच घ्यावा, प्रसाद म्हणून आणलेली वाटी हा १०:२८ मधला. बाईंनी शेजारणीला पूजेच्या दिवसाची वाट न पाहता, आधीच, चहाला बोलावून सांगावे. आणि नाताळच्या करंज्या व केक तिच्याकडे नेहमीप्रमाणे जावेत. तरुणीकडूनही एक गोष्ट मान्य करून घेतली: कोणा ख्रिस्ती घरी दिवाळीचा फराळ खाल्ला जातो म्हणून त्यांच्या विश्वासाबद्दल ती बोलणार नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, या रोमकरांस १४:३ मधल्या दोन्ही बाजू एकाच इतिवृत्तात लिहिल्या गेल्या.

बैठकीतले सगळे समाधानी झाले असे नाही. एका ज्येष्ठांना फराळही नको होता आणि त्यांनी तशी नोंद करून घेतली. ती करून घ्यावीच.

७. निर्णय कसा लिहावा आणि कसा कळवावा

यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ हे मी सर्वांत उपयोगी प्रकरण मानतो. सुंता झाल्याशिवाय तारण नाही असे शिकवणारे लोक अंत्युखियात आले, वाद पेटला, आणि पौल व बर्णबा यांना यरुशलेमास पाठवले गेले. तिथे आधी पुष्कळ वादविवाद झाला, म्हणजे तो दाबला गेला नाही. मग पेत्राने अनुभव सांगितला, बर्णबा व पौल बोलले तेव्हा सर्व समुदाय गप्प राहून ऐकत होता, आणि त्यानंतर याकोबाने आमोस संदेष्ट्याचे वचन त्या अनुभवाशी जोडून निर्णय मांडला. निर्णयाचे पत्र लिहिले गेले. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या ठरावात असाव्यात.

पहिली, ज्यांनी गोंधळ घातला ते आमच्यातूनच गेले होते पण आम्ही त्यांना तसे सांगितले नव्हते, ही स्पष्ट कबुली (वचन २४). दुसरी, अटी मोजक्या आणि नेमक्या: मूर्तीला अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म, यांपलीकडे ओझे नाही. 'सर्वांनी प्रेमाने राहावे' असा ठराव कोणालाच पाळता येत नाही, कारण तो मोडला की नाही हे कळत नाही. तिसरी, पत्राबरोबर यहूदा बर्सब्बा आणि सीला हे दोघे तोंडी सांगायला गेले. लेखी निर्णय नुसता पोस्टाने किंवा मोबाईलवर पाठवू नये. मध्यस्थांपैकी दोघांनी तो घरी जाऊन वाचून दाखवावा.

८. एकमत झाले नाही तर

पुष्कळदा होत नाही. मताच्या वादात त्याची लाजही वाटू नये.

बाप्तिस्म्याचेच पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते, जे बालकांना बाप्तिस्मा देत; आणि बॅप्टिस्टही होते, जे तो देत नाहीत. ऐक्याच्या बोलणीला कित्येक वर्षे लागली. शेवटी बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना एकाच मंडळीत जागा देण्यात आली. शास्त्राचा अर्थ लावण्यातला फरक तसाच राहिला. म्हणून या प्रश्नावर एखाद्या रविवारी आपल्या कमिटीने कायमचा निकाल लावून टाकावा अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर त्याला हे सांगावे.

माणसांच्या बाबतीतही तसेच. प्रवासातला सोबती योहान मार्क पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला होता, म्हणून त्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही यावर पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी चिडाचीड झाली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांतून. कोण बरोबर होते हे शास्त्र सांगत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल मार्काला बरोबर घेऊन ये असे कळवतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. दोन माणसांना एकाच समितीत काम करणे जमत नसेल, तर एकाला संडे स्कूल आणि दुसऱ्याला गायन देऊन मोकळे करणे हा पराभव नाही.

अपराधाच्या वादात, दोन्ही पायऱ्या होऊनही दोषी माणूस ऐकत नसेल, तर प्रकरण मंडळीपुढे किंवा आपल्या घटनेप्रमाणे वरच्या सभेकडे जाते. 'तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांसारखा होवो' हे शेवटचे वाक्य अमलात आणण्याची घाई करू नये. ज्या शुभवर्तमानात ते आहे ते एका जकातदाराच्या नावावर आहे, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे. सभासदत्व थांबवावे लागलेच, तर घरी भेटी देणे थांबवू नये. आजारपण, मयत, लग्न यांत मंडळी हजर असावी.

प्रभुभोजन रोखून धरण्याची धमकी मध्यस्थांनी कधीही देऊ नये. तो अधिकार कोणाचा आहे हे घटनेत लिहिलेले असते आणि बहुतेक ठिकाणी तो कमिटीचा नसतो.

९. बैठकीनंतरची कामे

इतिवृत्तावर दोन्ही पक्षांच्या आणि मध्यस्थांच्या सह्या घ्याव्यात. कोणी सही नाकारली, तर नाकारली एवढेच लिहावे, कारण लिहू नये. प्रत्येक पक्षाला एक प्रत द्यावी, एक मंडळीच्या दप्तरी सीलबंद ठेवावी. बैठकीत उघड झालेल्या घरगुती गोष्टी इतिवृत्तात घेऊ नयेत. त्या मध्यस्थांच्या कच्च्या टिपणांत असतील, तर पुढची भेट झाल्यावर ती टिपणे फाडून टाकावीत.

पुढची भेट साधारण तीन महिन्यांनी ठेवावी आणि तिची तारीख पहिल्याच इतिवृत्तात लिहावी. त्या भेटीत नवी वचने काढायची नाहीत. ठरावातल्या अटी एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे 'झाले' किंवा 'झाले नाही' एवढेच लिहायचे. दोन अटी राहिल्या असतील, तर त्या दोघांपैकी कोणाकडे आहेत ते नोंदवून पुढची तारीख टाकावी आणि मध्यस्थांपैकी एकाने त्या आठवड्यात त्या घरी जाऊन यावे.